कातडीचे पुस्तक आणि शिष्यवृत्तीचा विद्यार्थी

लंडनच्या भुयारी रेल्वेत फलाट आणि डबा यांच्यामधली फट सांभाळा, असे प्रवाशाला सारखे बजावले जाते. ‘माइंड द गॅप’ हे त्या सूचनेचे शब्द. मलोन मुकवेंडे या काळ्या विद्यार्थ्याने तेच आपल्या पुस्तिकेला नाव म्हणून दिले. त्याला दिसलेली फट मात्र वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकातली होती. लंडनच्या सेंट जॉर्जेस या वैद्यकीय महाविद्यालयात तो शिकत होता. पुरळ, फिकटपणा, निळेपणा ही लक्षणे शिकवली जात ती गोऱ्या कातडीवरची. काळ्या कातडीवर हेच कसे दिसते, एवढाच त्याचा प्रश्न होता. विद्यार्थी व अध्यापकांनी जोडीने काम करावे, अशी त्या महाविद्यालयाची एक योजना होती. तिच्या आधाराने मुकवेंडे, पीटर टॅमनी आणि मार्गो टर्नर यांनी २०२० मध्ये ही पुस्तिका तयार केली व सर्वांना विनामूल्य खुली केली.

पुस्तिकेची मांडणी अगदी साधी आहे. एकीकडे गोरी त्वचा, शेजारी काळी. रोग मात्र एकच. आक्रोश नाही, आरोप नाही. पण खरी ताकद चित्रांपेक्षा तिने भाषेला विचारलेल्या प्रश्नात आहे. ‘रोगी पांढरा पडतो’, ‘ओठ निळे होतात’, ‘कातडी लाल होते’ अशी विधाने वैद्यक करते. कोणाची कातडी? हे सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही. कारण लिहिणारा आणि ज्याच्याविषयी लिहिले तो, दोघेही एकाच रंगाचे धरलेले होते. मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. प्रस्थापितांच्या अनुभवाला ‘मानवी’ म्हणायचे आणि आमच्या अनुभवाला तेवढे विशेषण चिकटवायचे, हे समीक्षेतले जुने भांडण आहे. येथे ते भांडण रोग्याच्या जिवावर बेतते. (आपल्याकडचा डॉक्टर रक्त कमी आहे का हे पाहायला खालची पापणी ओढतो, जीभ काढायला सांगतो. त्याला गोऱ्या कातडीचे पुस्तक पुरत नाही, हे त्याच्या हातांना केव्हाच कळलेले असते.)

तरीही पुस्तिकेची मर्यादा सांगितलीच पाहिजे. ती पुरवणी आहे. पुरवणी ज्याला वाचायची तो वाचतो. परीक्षेला मूळ पुस्तकच लागते. शिवाय दोष केवळ चित्रांचा नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या २२२ गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची व निवासी डॉक्टरांची पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. काळ्यांची कातडी जाड असते, यांसारख्या खोट्या समजुतींपैकी एखादी तरी निम्म्या जणांना खरी वाटत होती. अशा समजुती बाळगणाऱ्यांनी काळ्या रोग्याची वेदना गोऱ्यापेक्षा कमी लेखली आणि त्यांनी सुचवलेले उपचारही कमी अचूक होते. चित्राशेजारी चित्र लावून ही समजूत कशी जाणार?

२०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाल्यावर अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणातला वर्णद्वेष हटवण्याच्या कामाला बळ मिळाले. त्यासाठी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देण्याची रीतही दिसू लागली. विद्यार्थ्याने व्याख्याने तपासायची, धड्यातले रोगी बदलायचे, अहवाल लिहायचा. शिष्यवृत्तीला आम्ही नाक मुरडणारे नाही. १९१३ मध्ये बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आम्ही कसे विसरू? पण ती शिष्यवृत्ती शिकण्यासाठी होती. कोलंबियाची डागडुजी करण्याचे काम तिने त्यांच्यावर टाकले नव्हते. आजच्या या शिष्यवृत्तीत ज्याला इजा झाली त्यालाच मलमपट्टी करायला बसवले जाते, आणि ज्या अध्यापकाने चुकीचा धडा वर्षानुवर्षे शिकवला त्याला कोणी जाब विचारीत नाही. वर्ष संपते, विद्यार्थी पुढच्या वर्गात जातो, अहवाल कपाटात जातो.

विद्यार्थ्याचा प्रश्न कपाटात न अडकता रोग्यापर्यंत पोहोचला, असेही घडले आहे. मूत्रपिंड किती काम करते हे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून मोजतात. २००९ च्या सूत्रात रोगी काळा असेल तर आलेला आकडा १.१५९ ने गुणीत. काळ्यांचे स्नायू अधिक, ही त्यामागची समजूत. परिणाम असा की काळ्या माणसाचे मूत्रपिंड कागदावर अधिक चांगले दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत त्याचा नंबर उशिरा लागे. विद्यार्थ्यांनी हे विचारायला सुरुवात केली. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांच्या रेट्यामुळे २०२० मध्ये हा गुणक गेला. २०२१ मध्ये वंश वगळलेले नवे सूत्र देशपातळीवर आले. जानेवारी २०२३ पासून, या गुणकामुळे मागे पडलेल्या काळ्या रोग्यांचा प्रतीक्षाकाळ पुन्हा मोजून देणे प्रत्यारोपण केंद्रांना भाग पडले.

हा फरक मोलाचा आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. २०२५ मध्ये केंद्र सरकारने समतेच्या कार्यक्रमांवर कुऱ्हाड उगारली आणि वैद्यकीय महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या मंडळाने विविधतेची अट नियमांतून काढली. अशा वेळी शिष्यवृत्ती बंद करायला एक सही पुरते. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर गेलेले सूत्र काढायला तेवढी पुरत नाही.

आपल्याकडे कोणी ही पुस्तिका जशीच्या तशी उचलू म्हणेल, तर अडचण निराळी आहे. जात कातडीवर दिसत नाही. तिची जोडचित्रे छापता येत नाहीत. २००७ मध्ये सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयी अहवाल दिला. छळाला कंटाळून दलित-आदिवासी विद्यार्थी वसतिगृहाच्या ठराविक मजल्यांवर एकवटल्याचे त्यात नोंदले आहे. समितीपुढे बोललेल्या विद्यार्थ्यांना कोणी शिष्यवृत्ती दिली नव्हती. ते तक्रारदार म्हणून आले आणि त्याच अध्यापकांपुढे परीक्षेला बसायला परत गेले. पुढे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. थोरात अहवालातले एखादे पान वैद्यकाच्या कोणत्या वर्षाला शिकवले जाते, हे आमच्या वाचकांतल्या वैद्यकीय अध्यापकांनी कळवावे.