झाडीपट्टीचा नट आणि त्याची शैली

कलावंतास स्वतःची शैली कशी गवसते, ह्याविषयीं आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुतेक कवि किंवा चित्रकार डोळ्यांपुढें ठेवून होते. तो एकांतांत बसतो, दहा कागद फाडतो, आज एकाच्या तर उद्यां दुसऱ्याच्या वळणावर जातो, आणि कांहीं वर्षांनीं त्याचा हात त्याच्या मालकीचा होतो. हें वर्णन खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्याच्यापाशीं फाडण्यास कागदच नाहीं, ज्याची प्रत्येक चूक भरल्या मंडपांत होते, त्या नटानें शैली कोठून आणावी? ह्याचें उत्तर पुण्यामुंबईपेक्षां चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशांत अधिक स्पष्ट मिळतें, असें आम्हांस वाटतें.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील धानाच्या मुलखास झाडीपट्टी म्हणतात. धान घरांत आलें कीं दिवाळीपासून होळीपर्यंत तेथें नाटकांचा हंगाम चालतो. गांवोगांव मंडई भरते, शंकरपट होतात, आणि घरोघरच्या पाहुण्यांसाठीं रात्रीं उशिरां सुरू झालेलें नाटक पहांटेपर्यंत रंगतें. मंडळ्यांचीं कार्यालयें वडसा-देसाईगंज येथें. मागणी तेथें नोंदवावयाची, आणि मंडळीनें ठरल्या रात्रीं त्या गांवीं हजर व्हावयाचें. आज एक गांव, उद्यां दुसरें. तालमीस अवसर थोडा. सारी भिस्त प्रॉम्प्टरवर.

ह्या रंगभूमीवरील नामवंत नट श्री. परशुराम खुणे ह्यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. ते गडचिरोली जिल्ह्यांतील कुरखेडा तालुक्याचे. त्या वेळीं प्रसिद्ध झालेल्या माहितींत त्यांच्या भूमिका सुमारें ८०० व प्रयोग ५००० हून अधिक असे आंकडे आहेत. लोक त्या आंकड्यांनीं दिपले. आम्हीं त्यांचा भागाकार करून पाहिला. एका भूमिकेच्या वांट्यास सरासरी सहा-सात प्रयोग येतात! १९६२ सालीं 'तो मी नव्हेच' रंगभूमीवर आलें आणि प्रभाकर पणशीकर पुढें कित्येक दशकें लखोबा लोखंडे होत राहिले. तेथें भूमिका नटाबरोबर मुरत गेली. झाडीपट्टींत ती मुरण्यापूर्वींच हातची जाते. मुरतो तो नट.

मराठींत 'प्रयोग' ह्या एकाच शब्दानें नाटकाचा खेळ आणि शास्त्रज्ञाची चांचणी ह्या दोन्ही गोष्टी सांगितल्या जातात. शहरी रंगभूमीवर ह्या दोन अर्थांनीं केव्हांच काडीमोड घेतला आहे. चांचणी तालमींत होते, आणि प्रेक्षकांपुढें येतो तो तिचा निकाल. झाडीपट्टीच्या नटास ही चैन परवडत नाहीं. प्रॉम्प्टरचें वाक्य कानीं पडणें आणि तें स्वतःच्या मुखांतून निघणें, ह्यांच्यामध्यें जी क्षणार्धाची पोकळी राहते ती त्यानें कशानें तरी भरली पाहिजे. कोणी ती नजरेनें भरतो, कोणी एका पावलानें, कोणी पदरच्या शब्दानें. शेंकडों रात्रीं ती एकाच तऱ्हेनें भरली गेली म्हणजे आपण तिला त्या नटाची शैली म्हणूं लागतों! दंडार आणि खडी गंमत ह्या तेथल्या जुन्या खेळांत हजरजबाबीपणा हेंच भांडवल असे. तें येथें व्याजासह कामीं आलें आहे. शेक्सपीअरनें हॅम्लेटच्या मुखानें विदूषकांस पदरचें बोलण्याची मनाई केली आहे. नाटककार ह्या नात्यानें त्याचें म्हणणें रास्तच. पण अशी मनाई करण्याची पाळी त्याच्यावर आली, हेंहि विसरतां कामा नये.

मात्र ह्या मार्गांत एक मोठा धोका आहे. जी लकब अडचणींतून जन्मली ती लोकप्रिय होतांच तिची मागणी होऊं लागते. गांवकरी नाटकाइतकेंच नटाचें नांव पाहून मंडळी ठरवितात, आणि मग पोकळी नसतांनाहि ती भरण्याची संवय जडते. शैलीची लकब होते ती अशी. खुणे ह्यांना 'विदर्भाचे दादा कोंडके' म्हणण्याचा जो प्रघात आहे तोहि आम्हांस पसंत नाहीं. ज्यानें उभें आयुष्य स्वतःची चाल घडविण्यांत घालविलें, त्याला शाबासकी म्हणून दुसऱ्याचें नांव द्यावें, ही कसली रसिकता?

भाषेची गोष्ट ह्याहून गंभीर आहे. झाडीबोली ह्या रंगभूमीवर येते ती बहुधा विनोदी पात्राच्या तोंडीं. नायक-नायिका प्रमाण मराठी बोलतात. म्हणजे नटास आपल्या आईच्या भाषेंत हंसविण्याची मुभा आहे, रडविण्याची नाहीं. हंसविणें हें कांहीं हलकें काम नव्हे. परंतु आठशें भूमिका करूनहि ज्या स्वरांत तो घरीं दुःख बोलतो तो स्वर त्याला रंगमंचावर लावतां येऊं नये, तर त्याच्या शैलीचा अर्धा भाग अजून घरींच राहिला आहे, असें म्हणावें लागतें. 'एकच प्याला'तील तळीराम ही खुणे ह्यांची गाजलेली भूमिका. तळीराम झाडीबोलींत बोलला तर मंडपांत हंशा पिकेल, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं. सुधाकर त्या बोलींत बोलला तर काय होईल, हें एखाद्या मंडळीनें येत्या हंगामांत करून पाहावें.