सालबाईचा तह आणि आपले वाङ्मयीन वाचन

ग्वाल्हेरच्या दक्षिणेस, डबऱ्याजवळ, सालबाई नावाचे एक गाव आहे. १७ मे १७८२ रोजी पेशव्यांच्या वतीने महादजी शिंदे आणि कंपनीच्या वतीने डेव्हिड अँडरसन यांनी तेथे सतरा कलमांचा तह केला. मराठीच्या अध्यापकास हे नाव ओळखीचे असते ते इतिहासाच्या क्रमिक पुस्तकामुळे. वाङ्मयाच्या तासाला त्याचा उच्चार सहसा होत नाही. पानिपतास आपण बखर दिली, पोवाडे दिले, १९८८ मध्ये विश्वास पाटलांनी कादंबरीही दिली. पेशव्यांच्या घरातील कलहावर खाडिलकरांनी १९०९ मध्ये ‘भाऊबंदकी’ लिहिले. त्याच भाऊबंदकीतून इंग्रजांशी जे सात वर्षांचे युद्ध उद्भवले, ते मिटले कसे, याविषयी मात्र आपल्या वाङ्मयाने फारसे कुतूहल दाखविलेले नाही. ज्या राघोबादादांसाठी रणे माजली, ते सालबाईच्या कागदावर दरमहा पंचवीस हजार रुपयांच्या नेमणुकीचे एक कलम होऊन उरतात, आणि पुढच्याच वर्षी कोपरगावी त्यांचा अंत होतो. नाटककारास याहून अधिक काय हवे, हे आम्हांस कळत नाही.

या उपेक्षेचे कारण तहाला रणांगण नसते एवढेच आहे, असे आम्ही मानीत नाही. आपण तहाकडे निकाल म्हणून पाहतो, रचना म्हणून पाहत नाही, हे खरे कारण होय. साष्टी गेली, वसई परत आली, भडोच इंग्रजांनी महादजींस दिले, अशी जमाखर्चाची वही आपण मांडतो आणि तिच्या तळाशी कोणा एकाचे नाव लिहून मोकळे होतो. चरित्रकारांनी या सवयीस खतपाणी घातले. नानांच्या पक्षाने वाचणारास १३ ऑक्टोबर १७८१ चा, महादजी आणि कर्नल म्यूर यांच्यामधला स्वतंत्र करार दिसतो आणि पुण्यास विचारल्यावाचून केलेली ती तोड त्याच्या मनात सलत राहते. महादजींच्या पक्षाने वाचणारास एकाच वेळी कलकत्ता आणि पुणे या दोघांनाही हवासा वाटणारा मध्यस्थ दिसतो. दोन्ही वाचनांना कागदांचा आधार आहे. परंतु दोन्ही वाचने एक गोष्ट गृहीत धरतात, ती ही की तहाच्या शब्दांना एकच अर्थ होता आणि तो कोणीतरी एकाने दुसऱ्यावर लादला. आमचा मतभेद येथे आहे. सालबाईची संहिता टिकली ती प्रत्येक पक्षास तीत आपापला अर्थ वाचता आला म्हणून. आणि तिच्यातील भांडणे पुन्हा उकरली गेली, तीही त्याच कारणाने.

महादजींची भूमिकाच पाहावी. शिप्रीजवळ १७८१ च्या मार्चमध्ये कॅमॅकने रात्री त्यांच्या छावणीवर घाला घातला होता. त्यापूर्वी, ऑगस्ट १७८० मध्ये, पॉपहॅमने ग्वाल्हेरचा किल्ला घेऊन तो गोहदच्या राण्याच्या हवाली केला होता. म्हणजे महादजी या युद्धात लढलेले आणि नुकसान सोसलेले एक पक्षकार होते. तहाची बोलणी चालविताना ते मध्यस्थ झाले. आणि तह पुरा होताच ते त्याचे जामीन झाले. जो पक्ष कलम मोडील त्याच्या विरुद्ध दुसऱ्यास साह्य करण्याची हमी त्यांनी घेतली. पक्षकार, मध्यस्थ आणि जामीन अशी तीन पात्रे एकाच पुरुषाने वठवावी, हा प्रसंग साधा नव्हे. ‘मुत्सद्दी’ या एका विशेषणाने आपण तो गुंडाळून ठेवतो. मुत्सद्दी म्हटले की चौकशी संपली, असा हा शब्द झाला आहे.

आता गोहदचे कलम पाहू. म्यूरच्या करारात यमुनेच्या पश्चिमेकडचा मुलूख महादजींस परत मिळाला, परंतु राण्यास दिलेला भाग वगळून. आणि ही सवलत राण्याचे वर्तन योग्य असेल तोवरच. या ‘तोवर’ शब्दाइतका भारी शब्द त्या साऱ्या व्यवहारात दुसरा नसेल. राण्यास तो अभयवचनासारखा वाटला असावा. महादजींनी तो मुदतीसारखा वाचला. वर्तन योग्य की अयोग्य हे कोणी ठरवावयाचे, हे कराराने सांगितले नाही. यथाकाल इंग्रजांनी राण्याने आपला करार मोडला असे म्हणून हात झटकले, आणि १७८३ मध्ये किल्ला महादजींच्या ताब्यात आला. ज्याच्या डोक्यावरून तह झाला त्या राण्यास सालबाईच्या बैठकीत जागा नव्हती. आम्ही ग्वाल्हेरकर मराठी माणसे त्या किल्ल्याच्या सावलीत वाढलो, पण या कलमाकडे गोहदच्या बाजूने पाहण्याचे आमच्या मनात क्वचितच आले, हे येथे कबूल करणे भाग आहे.

तीच गोष्ट हैदरअलीची. १७८० पासून तो पुण्याचा मित्र होता. तहात त्याने जिंकलेला मुलूख सहा महिन्यांत सोडावा असे लिहिले गेले, आणि तेही त्याच्या संमतीवाचून. वॉरन हेस्टिंग्जने जूनमध्ये तहास मान्यता दिली. नाना मात्र महिनोन्महिने गप्प राहिले. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर वारला आणि फेब्रुवारी १७८३ मध्ये तहनाम्यांची अदलाबदल झाली. न उमटलेल्या मोर्तबालाही अर्थ असतो. वाङ्मयात मौनाचे मोल जाणणाऱ्या समीक्षकाने नानांच्या या मौनाकडे केवळ दिरंगाई म्हणून पाहू नये.

येथे एक भाषिक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आमच्या गावात दोन भाषा शेजारी नांदतात. हिंदी बोलणारा शेजारी ‘तह’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कापडाची घडी किंवा थर असतो. आम्ही म्हणतो तेव्हा करार असतो. व्युत्पत्तीचा वाद पंडितांनी मिटवावा. आम्हांस त्या शेजारधर्मातून एवढे सुचते की, मराठी तहाच्या कागदातही घड्या असतात, आणि उलगडून पाहिल्यावाचून आतली बाजू दिसत नाही. त्यातच दरबारी व्यवहार फारसीत, पुण्याशी लिहिणे मोडी मराठीत, कलकत्त्याचे कागद इंग्रजीत. प्रत्येक कलम भाषांतराच्या उंबरठ्यावर एकदा तरी अडखळणारच.

ही आडवाट केवळ अठराव्या शतकातली नाही. इस्रायल आणि अरब राष्ट्रे यांच्यातील १९६७ च्या युद्धानंतर सुरक्षा समितीने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात २४२ क्रमांकाचा ठराव केला. व्यापलेल्या प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावे असे त्यात आहे. पण ‘प्रदेश’ या शब्दामागे इंग्रजी संहितेत निश्चयवाचक उपपद नाही आणि फ्रेंच संहितेत ते आहे. काही प्रदेश की सर्व प्रदेश, हा वाद त्या एका उपपदाभोवती अर्धशतकाहून अधिक काळ फिरला. १९९३ च्या सप्टेंबरात वॉशिंग्टन येथे ओस्लो करारावर सह्या झाल्या, तेव्हा जेरुसलेम, निर्वासित, वसाहती आणि सीमा हे प्रश्न पुढील वाटाघाटींवर सोपविले गेले. त्यामुळेच सह्या होऊ शकल्या, आणि त्यामुळेच दोन्ही बाजूंनी दोन निराळे करार वाचले. १९९५ मध्ये पंतप्रधान राबिन यांची त्यांच्याच समाजातील एका तरुणाने हत्या केली. २००० साली कॅम्प डेव्हिडची बोलणी फिसकटली आणि त्याच वर्षी दुसरा उठाव पेटला. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर गाझात जे युद्ध झाले त्याचा संहार साऱ्या जगाने पाहिला. आम्ही दोन कालखंडांचे साम्य दाखवू इच्छीत नाही. पेशवाईच्या मापाने पॅलेस्टाइन मोजणे हास्यास्पद होईल. परंतु एक भेद आम्हांस बोचतो. १९८८ ची पॅलेस्टिनी स्वातंत्र्यघोषणा महमूद दरवीश या कवीने लिहिली, आणि ओस्लो करार न पटल्यामुळे त्याने मुक्तिसंघटनेच्या कार्यकारिणीचा राजीनामा दिला. तहाचा शब्द हा तेथे कवीच्या जिव्हाळ्याचा विषय ठरला. आपल्याकडे तो दप्तरखान्यात राहिला.

दप्तरखाना मात्र समृद्ध आहे. पारसनिसांनी छापलेली ‘दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे’, खऱ्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’, आणि ग्वाल्हेर दरबाराने १९३७ मध्ये रियासतकार सरदेसायांकडून संपादून प्रसिद्ध केलेले महादजींचे कागद, एवढे साहित्य कोणत्याही बऱ्या ग्रंथालयात सापडावे. या पत्रांची भाषा आपण पुरावा म्हणून वाचतो, गद्य म्हणून वाचीत नाही. वकील धन्यास लिहितो तेव्हा ऐकलेली गोष्ट, पाहिलेली गोष्ट आणि आपला तर्क यांत तो अंतर राखतो. अप्रिय वार्ता दुसऱ्याच्या तोंडी घालतो. ‘बहुत काय लिहिणे’ असे म्हणून जे लिहावयाचे टाळले त्याकडेच बोट दाखवितो. ‘विनंती विशेष’ पासून शेवटच्या लोभाच्या मागणीपर्यंत मायना ठराविक, पण मायन्याच्या आत माणूस सावध, भ्यालेला, कधी चिडलेला. मराठी गद्याचा इतिहास शिकविताना आपण बखरीवरून एकदम अर्वाचीन निबंधाकडे उडी घेतो. मधली ही पायरी आपण गाळतो.

असे वाचन केले तर पुढचा भागही निराळा दिसू लागतो. वसईचा तह डिसेंबर १८०२ चा, आणि पुढच्याच वर्षी युद्ध. ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगाव येथे दौलतराव शिंद्यांनी तह केला, त्यात इंग्रजांनी शिंद्यांच्या मांडलिकांशी केलेले करार मान्य करण्याचे एक मोघम कलम होते. ग्वाल्हेर व गोहद त्या कलमात येतात की नाही, यावर खुद्द विजेत्यांतच तंटा झाला. तह घडविणारा आर्थर वेलस्ली आणि त्याचा साहाय्यक माल्कम यांचे मत पडले की किल्ला शिंद्यांकडे राहावा. गव्हर्नर जनरल असलेल्या आर्थरच्या वडील बंधूस ते मान्य नव्हते. दोन भाऊ एकच कागद दोन तऱ्हांनी वाचीत होते. नोव्हेंबर १८०५ मध्ये नव्या तहाने ग्वाल्हेर व गोहद शिंद्यांस परत मिळाले, चंबळ ही सरहद्द ठरली, आणि गोहदच्या राण्यास धोलपूर, बारी व राजाखेडा देऊन नदीपलीकडे बसविण्यात आले.