साव ब्राझ आणि संतचरित्राची कसोटी

संतचरित्रे वाचताना आपल्याकडील सुशिक्षित वाचक सामान्यतः दोहोंपैकी एक मार्ग पत्करतो. एक तर तो चमत्कार तेवढे वगळून उरलेल्या भागास इतिहास मानतो, किंवा चमत्कारांसह सर्वच चरित्र शिरोधार्य करतो. रेड्यामुखी वेद वदविल्याची कथा पहिल्यास अडचणीची वाटते, दुसऱ्यास प्रमाण वाटते. परंतु अशी कथा कोणाच्या कोणत्या गरजेतून जन्मास आली आणि ती कोणी जपली, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत. आमच्या मते संतचरित्राच्या समीक्षेचा आरंभ याच प्रश्नापासून व्हावयास हवा. हे विवेचन स्वकीय संतांवर केल्यास श्रद्धा आणि अभिमान आड येण्याचा संभव असतो. म्हणून आम्ही येथे मराठी वाचकांस काहीसा दूरचा असा एक संत निवडीत आहोत. तो म्हणजे चौथ्या शतकाच्या आरंभीचा ख्रिस्ती धर्माध्यक्ष ब्लेझ. पोर्तुगीज त्यास साव ब्राझ म्हणत, आणि त्याच्या नावाचे चर्च गोव्यात गवंडाळी येथे उभे आहे.

ब्लेझविषयी इतिहासास ठाऊक आहे ते फारच थोडे. आजच्या तुर्कस्तानातील सिवास, म्हणजे प्राचीन सेबास्ते, या नगराचा तो धर्माध्यक्ष होता आणि इ. स. ३१६ च्या सुमारास, लिसिनिअस या रोमन सम्राटाच्या अमदानीत, त्यास देहदंड झाला, असे परंपरा सांगते. त्याचे सविस्तर चरित्र सांगणाऱ्या कथा त्यानंतर कित्येक शतकांनी रचल्या गेल्या. कारकुनी पेशात बारा वर्षे घालविलेल्या आम्हांस असे वाटते की, या संताचे सेवापुस्तक जवळजवळ कोरेच आहे. भरगच्च आहे ती त्याच्या नावे आलेल्या विनंतिअर्जांची फाईल.

आता ती कथा पाहू. छळाच्या काळात ब्लेझ डोंगरातील एका गुहेत जाऊन राहिला. तो वैद्यही होता असे म्हणतात. आजारी व जखमी वन्य पशू त्याच्या गुहेपाशी येत आणि बरे होऊन परत जात. क्रीडांगणातील खेळांसाठी श्वापदे पकडावयास निघालेले सुभेदाराचे शिकारी तेथे पोहोचले, तेव्हा त्यांना गुहेपुढे पशूंची दाटी दिसली. आणि श्वापदांऐवजी त्यांनी धर्माध्यक्षासच पकडून नेले. आम्ही सध्या ज्या एच. डी. कोटे तालुक्यात राहतो, तेथे या प्रसंगाचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागू नये. याच तालुक्यातील काकनकोटेच्या अरण्यात म्हैसूर संस्थानच्या प्रसिद्ध खेड्डा होत. हाकारे घालून हत्तींचे कळप आवारात कोंडावयाचे आणि मग माणसाळवून कामास लावावयाचे, हा क्रम १९७१ पर्यंत चालला. सत्तेस अरण्य दिसते ते पकडावयाच्या वस्तूंचे कोठार म्हणून. कथेतील ब्लेझ त्याच अरण्याकडे दुखणाइतांची वस्ती म्हणून पाहतो. या दोन दृष्टींची गाठ कथाकाराने गुहेच्या तोंडाशी घालून दिली आहे, आणि वाङ्मयीन दृष्ट्या हा प्रसंग अत्यंत समर्थ आहे.

पुढे कैदेकडे नेत असता वाटेत एका बाईने आपला मुलगा त्याच्यापुढे आणला. मुलाच्या घशात माशाचा काटा अडकून जीव जाण्याची वेळ आली होती. ब्लेझच्या प्रार्थनेने तो वाचला. दुसऱ्या एका गरीब विधवेचे एकुलते डुक्कर लांडग्याने पळविले होते. ब्लेझच्या शब्दासरशी लांडग्याने ते परत आणून दिले. तेराव्या शतकात याकोबुस दे व्होराजिने याने संकलित केलेल्या संतकथांत या घटनेचा पुढचा भागही येतो. त्या विधवेने तेच डुक्कर मारून त्याचे डोके व पाय, भाकरी आणि मेणबत्ती कैदेतील संतास नेऊन दिली. सोज्ज्वळ कथाकाराने हा तपशील गाळला असता. परंतु ज्या घरात एकच जनावर आहे, त्या घराची कृतज्ञता दुसऱ्या कोणत्या रूपाने प्रकट होणार? अखेरीस लोकर विंचरण्याच्या लोखंडी फण्यांनी त्याचे अंग ओरबाडून त्याचा शिरच्छेद करण्यात आला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ब्लेझचा जो जुन्यात जुना उल्लेख मानला जातो, तो धर्मग्रंथातील नाही. तो सहाव्या शतकातील अमिदा येथील एतिअस या वैद्याच्या ग्रंथात आहे. घशात अडकलेले हाड काढण्याचा उपाय सांगताना तो ब्लेझचे नाव घेऊन हाडास वर येण्याची अथवा खाली उतरण्याची आज्ञा करावयास सांगतो. म्हणजे चरित्र रचले जाण्यापूर्वीच याचना रूढ झाली होती. किंबहुना मुलाची कथा त्या याचनेभोवतीच आकारास आली असणे अधिक संभवनीय आहे. चमत्कार वगळून इतिहास शोधणाऱ्या वाचकाची येथे फसगत होते. कारण या चरित्रातून चमत्कार काढला, तर त्यातील सर्वांत जुना आणि सर्वांत मानवी अंशच निघून जातो. पाश्चात्त्य चर्चमध्ये ३ फेब्रुवारीस दोन मेणबत्त्या गळ्याशी धरून आशीर्वाद देण्याची चाल आहे, ती याच अंशावर उभी आहे.

आपल्या परंपरेतही हीच कसोटी लावून पाहावी. काशीहून रामेश्वरास नेत असलेली गंगा एकनाथांनी तहानलेल्या गाढवाच्या मुखी घातली. भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. या कथांत निसर्गनियम मोडलेला नाही, तरी लोकांनी त्या मोठमोठ्या चमत्कारांच्या बरोबरीने जपल्या. कारण त्यांत मुक्या, उपाशी, दुबळ्या जीवाची याचना ऐकली गेली आहे. काटा अडकलेला पोर त्याच पंक्तीतला.

सर्वच याचना मात्र सारख्या नव्हेत. एड्रिआटिक समुद्रावरील दुब्रोव्हनिक नगराने ब्लेझला आपला पालक मानले. दहाव्या शतकात व्हेनिसची गलबते हल्ल्याच्या इराद्याने आली असता त्याने एका धर्मगुरूस दर्शन देऊन नगर सावध केले, अशी तेथील कथा आहे. नगराच्या नाण्यांवर आणि निशाणांवर तो आला. त्याच्या रुपेरी मूर्तीच्या हातावर १६६७ च्या भूकंपापूर्वीचे संपूर्ण नगर उभे आहे. त्याचा उत्सव २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झाला. हा गौरव मोठा खरा. परंतु कथा म्हणून ती काट्याच्या कथेपुढे फिकी पडते. एका नगराच्या वतीने दुसऱ्या नगरावर पहारा करणारा संत हा शेवटी पहारेकरीच. इंग्लंडातील ब्रॅडफर्ड येथे लोकर विंचरणाऱ्या कामगारांनी त्यास आपलासा केला तो त्या फण्यांमुळे. छळाचे साधन तेच त्यांच्या पोटाचे साधन होते. १८२५ च्या फेब्रुवारीत तेथे मालक आणि कामगार यांनी मिळून त्याची थाटाची मिरवणूक काढली, आणि त्याच वर्षी मजुरीसाठी कामगारांनी दीर्घ संप केला. एकाच संतामागून चालणाऱ्यांच्या याचना किती भिन्न असू शकतात, याचे हे बोलके उदाहरण होय.

गवंडाळीचे चर्च या विवेचनाची सर्वांत कठीण परीक्षा आहे. जुन्या गोव्यानजीक, कुंभारजुवे खाडीच्या बाजूस असलेल्या या गावी साव ब्राझ आला तो सोळाव्या शतकात, दुब्रोव्हनिकच्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांबरोबर, असे मानले जाते. त्याच शतकात, १५४० च्या सुमारास, तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले. पशूंवर दया करणारा, सत्तेच्या हातून मारला गेलेला धर्माध्यक्ष या भूमीवर सत्तेच्या सावलीत उतरला, ही विसंगती सौम्य करून सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु तेवढ्यावरच निकाल देणेही तितकेच अन्यायाचे. तो व्यापार ओसरला. दुब्रोव्हनिकचे प्रजासत्ताकही १८०८ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने बुडविले. संत मात्र गावाकडे राहिला. ज्यांनी त्यास आणले त्यांची याचना वादळातून गलबत सुखरूप परतावे ही असेल. ज्यांच्यापाशी तो राहिला त्यांची याचना निराळी, आणि ती त्यांची स्वतःची. पिढ्यान्‌पिढ्यांच्या आयांनी आपल्या पोरांसाठी केलेली प्रार्थना ही आगमनाच्या इतिहासाने खोटी ठरत नाही, आणि त्या प्रार्थनेने तो इतिहासही पुसला जात नाही. समीक्षकाने दोन्ही गोष्टी एकत्र बाळगल्या पाहिजेत. एकीच्या आडोशाने दुसरी झाकू नये.

बृहन्महाराष्ट्रातील आपणांस हा विचार विशेष लागू पडावा. परप्रांती येताना आपण आपले संत बरोबर आणतो, त्यांच्या पुण्यतिथ्या साजऱ्या करतो, आणि भाषणांतून त्यांना पुष्कळदा आपल्या प्रांताचे निशाण करून सोडतो. दुब्रोव्हनिकची मूर्ती नगर हातावर घेऊन उभी आहे, तशीच आपण ज्ञानोबा-तुकोबांच्या हातावर आपली अस्मिता ठेवतो. त्यास आमची हरकत नाही. परंतु तेवढ्यावर कोणताही संत चिरकाल टिकत नाही. शेजारच्या कानडी घरातील एखाद्या मातेस आपल्या संतापाशी काही मागावेसे वाटते काय, आणि तिला तसे मागता येईल इतके दार आपण उघडे ठेवले आहे काय, हे प्रत्येक मंडळाने स्वतःस विचारावे. सेबास्तेच्या धर्माध्यक्षाचे चरित्र जवळजवळ नाहीसे झाले, तरी तो सोळाशे वर्षांहून अधिक काळ जिवंत राहिला. घशात काटा अडकलेल्या पोरास पुढे करताना त्याच्या आईस आपली जात, गाव वा भाषा सांगावी लागली, असे त्याची कथा कोठेही म्हणत नाही.