सोळाव्या अध्यायातली माणसे

पत्राचा मुख्य मजकूर संपून शाईही संपत आलेली असते, आणि नेमकी तेव्हाच कागदाच्या उरल्यासुरल्या कडेवर माणसे गर्दी करू लागतात: वडीलधाऱ्यांना साष्टांग नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद, शेजारच्या आत्याबाईंना आठवण, आणि आजारपणात अमक्याने केलेले आम्ही विसरलो नाही हा निरोप. आपल्या आजोबा-पणजोबांची पत्रे ज्यांनी जपून ठेवली आहेत त्यांना ठाऊक असते, की लिहिणाऱ्याचा जीव बहुधा या कडेवरच्या ओळींतच गुंतलेला असतो. बायबलमधील, पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा सोळावा अध्याय मला अशाच कडेवरच्या लिखाणासारखा वाटतो, आणि तो आपण आज निवांतपणे, एकेका नावापाशी थांबत वाचावा अशी माझी इच्छा आहे.

हे पत्र इ.स. 57 च्या सुमारास कोरिंथ नगरात सांगितले गेले. रोम पौलाने अजून पाहिलेलेही नव्हते. मासेदोनिया आणि अखया येथील मंडळ्यांनी जमवलेली मदत यरुशलेमेतील गरिबांच्या हाती द्यायची, मग रोमला यायचे आणि तिथून थेट स्पेन गाठायचे, असा त्याचा बेत होता. पाप, कृपा, विश्वास यांचे या पत्रातले विवेचन इतके खोल, की 386 साली मिलानच्या एका बागेत ऑगस्टीनच्या आयुष्याला याच पत्रातील ओळींनी वळण लावले आणि अकराशे वर्षांनी लूथर याच पत्रातील एका वाक्याचे रात्रंदिवस चिंतन करीत राहिला. अशा शिखरांवरून उतरत आलेला वाचक सोळाव्या अध्यायाशी पोचतो तेव्हा दमलेला असतो. समोर अनोळखी ग्रीक-लॅटिन नावांची लांबलचक रांग दिसते आणि तो पान उलटतो. आपण उलटू नये. पंधरा अध्यायांत जे सांगितले, ते जगणारी माणसे या रांगेत उभी आहेत.

पौलाने ज्यांना नावानिशी सलाम पाठवला आहे अशी माणसे 24. शिवाय दोघी निनावी, रूफाची आई आणि नीरियाची बहीण. कोणाच्या धनदौलतीचा उल्लेख नाही, मंडळीचा प्रमुख अमुक असे एकही वाक्य नाही, पेत्राचे नावसुद्धा नाही. अंद्रोनीक आणि युनिया हे प्रेषितांमध्ये नावाजलेले आहेत असे म्हटले आहे खरे, पण त्याआधी तुरुंगातले सोबती म्हणून त्यांची ओळख होते आणि नंतर मान येतो. काही नावे नुसतीच येऊन जातात. पण ज्यांच्याविषयी पौल दोन शब्द अधिक बोलतो, त्यांची ओळख बहुधा त्यांनी अंगावर घेतलेल्या एखाद्या कामाने होते. कोणी घर उघडे ठेवले, कोणी मान पणाला लावली, कोणी कष्ट उपसले. नेतृत्व म्हणजे काय याची व्याख्या या अध्यायात कुठेच नाही, आणि तरी सबंध अध्याय त्याच एका गोष्टीने भरून राहिलेला आहे, असे मला पुनःपुन्हा वाचताना जाणवत आले आहे.

अध्यायाचे दार उघडते ती फीबी, किंख्रियेच्या मंडळीची सेविका. किंख्रिया हे कोरिंथचे पूर्वेकडचे बंदर. बंदर म्हटले की येणारी-जाणारी गलबते आली, परके खलाशी आले, मुक्कामाला जागा शोधणारे, पैसे संपलेले, तापाने फणफणलेले वाटसरू आले. अशा ठिकाणी ही बाई पुष्कळांचा आधार झाली, माझाही झाली, असे पौल सांगतो. ज्याच्या शब्दाला एवढे वजन, तो माणूस एका बाईच्या उपकाराची कबुली भर पत्रात, परक्या नगरातील लोकांसमोर देतो. बहुतेक अभ्यासक मानतात, की हे पत्र रोमला पोचवणारी फीबीच होती. म्हणजे सुमारे सात हजार शब्दांची ती पपायरसची गुंडाळी, जिच्यावर पुढे शतकानुशतके भाष्ये लिहिली जाणार होती, ती एका सेविकेच्या सामानात होती. आणि तिच्यासाठी पौल रोमकरांकडे काय मागतो ते पाहा. तिचे स्वागत करा, आणि तिला ज्या ज्या कामी तुमची गरज पडेल त्या कामी तिला साहाय्य करा. पुष्कळांना आधार देणारीलाही परक्या गावी आधार लागणार, हे पौल किती सहज धरून चालतो! आपण जबाबदारी घेणाऱ्या माणसाभोवती एक तटबंदी उभी करतो, त्याला कधी काही लागतच नसावे असे वागतो. या दोन ओळींत ती तटबंदी नाही. देणारे हात आणि घेणारे हात इथे एकाच बाईचे आहेत.

फीबीच्या मागोमाग प्रिस्का आणि अक्विला येतात. या जोडप्यावर माझा विशेष लोभ आहे, म्हणून आपण इथे थोडे अधिक रेंगाळू. अक्विला मूळचा काळ्या समुद्राकाठच्या पंत प्रांतातला यहूदी. सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोम सोडायला लावले तेव्हा ही दोघे कोरिंथला आली. धंदा तंबू करण्याचा, पौलाचाही तोच. म्हणून तो त्यांच्याच घरी राहिला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला. चामड्याचा किंवा जाड कापडाचा पट्टा मांडीवर घेऊन, दाभण ओढत ओढत या तिघांत काय काय बोलणे झाले असेल, त्याची कल्पना करताना मन रमून जाते. पुढे, रोमला परतण्याआधी, ती दोघे इफिसला गेली. तिथे अपुल्लो नावाचा एक विद्वान, वक्तृत्वसंपन्न माणूस सभास्थानात बोलताना त्यांनी ऐकला. त्याला जे ठाऊक होते ते अपुरे होते. त्यांनी भर सभेत त्याची चूक काढली नाही. त्याला आपल्याजवळ घेतले आणि देवाचा मार्ग अधिक नेमका समजावून दिला. तंबू शिवणाऱ्या नवरा-बायकोने पंडिताला शिकवावे आणि पंडिताने ते मुकाट्याने शिकावे, हा प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांत दोन-तीन ओळींत उरकला आहे; त्या ओळींवर मी कितीही वेळ थांबू शकेन.

नव्या करारात या जोडप्याचा उल्लेख सहा वेळा येतो आणि त्यांतील चार वेळा बायकोचे नाव आधी येते. त्या काळाच्या रिवाजाला धरून हे नाही. का, ते कोणी लिहून ठेवलेले नाही. पण जिच्या नावाने घर ओळखले जाई तिचे नाव ओठांवर आधी येणे स्वाभाविक आहे. पौल म्हणतो, या दोघांनी माझ्या जिवासाठी आपली मान पुढे केली, आणि त्याबद्दल मी एकटाच नव्हे तर परराष्ट्रीयांच्या साऱ्या मंडळ्या त्यांच्या ऋणी आहेत. कोणता प्रसंग, कोणते संकट, काहीच सांगत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळले. आणि एवढ्या थोर उपकारापाठोपाठ, त्याच श्वासात, त्यांच्या घरात जमणाऱ्या मंडळीलाही सलाम सांगा, असे येते. जिवावर उदार होणे आणि दर आठवड्याला घर झाडून, चटया घालून, येणाऱ्यांना बसायला जागा करणे, ही दोन्ही पौलाच्या वाक्यात शेजारी शेजारी बसली आहेत. त्या काळी ख्रिस्ती उपासनेसाठी वेगळी मंदिरे नव्हती. मंडळी म्हणजे कोणाचे तरी घर. आणि घर म्हटले की कोणीतरी दार उघडायला हवे, कोणीतरी भाकर हवी तेवढी आहे ना ते पाहायला हवे. ख्रिस्ती मंडळीचे पहिले नेतृत्व या उंबरठ्यावर जन्मले, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

मग मरीया येते, त्रुफैना आणि त्रुफोसा येतात, प्रिय पर्सिस येते. या चौघींबद्दल पौल एकच गोष्ट सांगतो: त्यांनी श्रम केले, पुष्कळ श्रम केले. हाच शब्द तो इतर पत्रांत स्वतःच्या कामासाठी वापरतो, अंग मोडून येईपर्यंतच्या मेहनतीसाठी. कसले श्रम? आजाऱ्यांची सेवा, पोरक्या मुलांचा सांभाळ, वचनाचे शिक्षण, की पाणी भरणे? या चौघी रोमच्या कोणत्या आळीत राहत हेही आपल्याला कधी कळणार नाही. पण कोरिंथमध्ये बसलेल्या एका माणसाला त्यांचे श्रम ठाऊक होते आणि ते चारचौघांत मोठ्याने वाचले जातील अशा जागी त्याने नोंदवून ठेवले. पत्र वाचले जात असताना पर्सिस त्या खोलीत बसली असेल. तिच्या नावापाशी आल्यावर कितीजणांनी वळून तिच्याकडे पाहिले असेल!

पुढे अरिस्तबूलाच्या आणि नार्किस्साच्या घरची माणसे. इथे एक बारकावा चटकन निसटतो. सलाम मालकांना नाही. घर त्यांचे, नाव त्यांचे, पण सलाम त्या घरात राबणाऱ्यांपैकी जे प्रभूमध्ये आहेत त्यांना. यादीतील अंप्लियात, हर्मेस यांसारखी नावे त्या काळी गुलामांत आणि मुक्त झालेल्या गुलामांत सर्रास आढळत. ज्याच्या देहावरही स्वतःची मालकी नव्हती, अशा माणसाने परधर्मी धन्याच्या घरात राहून आपल्या विश्वासाला आणि वागण्याला स्वतः जबाबदार राहायचे, यातला भार आपल्यासारख्या मोकळ्या माणसांना सहज उमगणारा नाही.

आता दोन पाने मागे जाऊ. चौदाव्या अध्यायात पौल रोमच्या मंडळीतील एका खऱ्याखुऱ्या भांडणात शिरतो. कोणी सर्व काही खातो, कोणी केवळ भाजीपाला; कोणी अमका दिवस पाळतो, कोणी सारे दिवस सारखे मानतो; आणि दोन्ही बाजू एकमेकांना नावे ठेवतात. पौलाचा निवाडा असा, की प्रत्येकाला देवापुढे हिशेब द्यायचा आहे तो स्वतःचा. आणि तरीही आपल्या ताटातल्या अन्नामुळे भावाला अडखळायला होत असेल, तर तीही आपलीच चिंता. वैयक्तिक जबाबदारीची ही केवढी सुरेख वीण आहे! हिशेब एकट्याचा, पण त्या हिशेबाच्या वहीत शेजाऱ्याचे नाव लिहिलेले. बाराव्या अध्यायात तर याहून मनोहर गोष्ट आहे. देवाच्या कृपेने मिळालेल्या सात देणग्या पौल तिथे एकापुढे एक मांडतो: संदेश देणे, सेवा करणे, शिकवणे, बोध करणे, दान देणे, पुढारपण करणे, दया करणे. पुढारी सहाव्या जागी आहे. त्याच्या एका हाताला दान देणारा बसला आहे, दुसऱ्या हाताला दया करणारा. आणि त्याच्याकडून बुद्धी, पराक्रम, वाक्चातुर्य यांपैकी काहीच मागितलेले नाही, मागितली आहे ती तळमळ. पंगतीतली ही जागा ज्याने ठरवली, त्याने सोळाव्या अध्यायातली माणसे जवळून पाहिली होती यात शंका नाही.

सोळाव्या अध्यायाकडे परतलो, की भेटते रूफाची आई; तिचा उल्लेख मात्र अगदी ओझरता. रूफाला सलाम सांगा, आणि त्याच्या आईला. ती माझीही आईच. एवढेच. कोणत्या गावी तिने पौलाला वाढले, कधी त्याची पाठ शेकली, ते तिचे तिला आणि पौलाला ठाऊक.

सलामांची रांग संपत आली असे वाटत असताना एक अनपेक्षित आवाज उठतो. मी तर्तियस, ज्याने हे पत्र लिहिले, तुम्हाला प्रभूमध्ये सलाम सांगतो, अशा अर्थाचे ते एक वाक्य. पंधरा अध्याय पौल सांगत होता आणि हा माणूस लिहीत होता. आपण त्याचे अस्तित्वच विसरलो होतो. लेखनिकाने मध्येच तोंड उघडावे आणि सांगणाऱ्याने त्याला उघडू द्यावे, यात दोघांचेही मोठेपण आहे. त्या सात हजार शब्दांतला एक शब्द जरी गळला असता तरी दोष तर्तियसाचा ठरला असता. म्हणून हे पत्र त्याचेही आहे. मराठी वाचकाला इथे केडगाव आठवल्यावाचून राहत नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवायला तिथल्याच स्त्रिया बसल्या. 1922 साली रमाबाई गेल्या. ग्रंथ 1924 साली छापून पूर्ण झाला. तर्तियसाचे हे वाक्यही तिथल्याच कोणा स्त्रीने अक्षराशेजारी अक्षर ठेवून जुळवले असेल. तिचे नाव पानावर नाही, तिची बोटे मात्र प्रत्येक पानावरून फिरलेली आहेत.

तर्तियसानंतर तीनच नावे उरतात. गायस, ज्याने पौलाला आणि सबंध मंडळीला घर मोकळे करून दिले. मग एरास्तस, नगराचा खजिनदार. कोरिंथच्या उत्खननात 1929 साली फरसबंदीवरचा एक कोरीव लेख सापडला. एरास्तस नावाच्या अधिकाऱ्याने ती फरसबंदी स्वतःच्या खर्चाने करून दिली, असे त्यात आहे. तो एरास्तस हाच का, यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. हाच असेल, तर नगराने त्याचे नाव दगडावर जपले आणि पौलाने पपायरसवर. आणि शेवटी क्वर्तस. त्याला हुद्दा नाही, घर नाही, त्याच्या श्रमांचा किंवा दानाचा उल्लेख नाही. तो केवळ भाऊ आहे. खजिनदार आणि हा भाऊ एकाच वाक्यात आहेत, त्यांच्यामध्ये फक्त एक ‘आणि’ आहे. आणि क्वर्तसाचे नाव घेऊन झाल्यावरच पौल देवाच्या स्तुतीकडे वळतो.