खुर्द्याची गणती

पानिपतच्या पराभवाची बातमी पेशव्यांपर्यंत पोचली ती सावकारी सांकेतिक भाषेत, असं सांगतात. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची मोजदाद नाही, असा तिचा आशय. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विशीही न गाठलेला विश्वासराव. मोहरा म्हणजे नामवंत सरदार. खुर्दा, म्हणजे चिल्लर, म्हणजे उरलेले सगळे.

युद्धाचे स्मरणदिन युद्धाचा उदोउदो करतात की कोवळ्या जवानांचा सन्मान, या वादात मला हाच निरोप कसोटीसारखा वाटतो. त्या दिवशी खुर्दा मोजला गेला का?

आमचं श्रीगोंदा शिंद्यांचं. पानिपतने जनकोजी आणि तुकोजी शिंद्यांना नेलं, महादजी जखमी होऊन वाचले. ही नावं आपल्याला पाठ आहेत. त्यांच्या मागे गेलेल्या बारगिरांची नाहीत. आता दर १४ जानेवारीला पानिपतला शौर्य दिन होतो. पराभवाच्या तारखेला शौर्य म्हणणं मला खटकत नाही, हरणारेही शूर असतात. पण 'शौर्य' म्हटलं की पुढचा प्रश्न विचारायची सोय राहत नाही. ती फौज उपाशी का होती? तिच्यासोबत बायकामुलं आणि यात्रेकरू का होते?

१६ डिसेंबरचंही तसंच. १९७१ साली ढाक्यात सुमारे ९३ हजार जणांनी शरणागती पत्करली, म्हणून तो विजय दिवस. त्याच दिवशी पश्चिम आघाडीवर बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल गेला. जन्म पुण्याचा, रेजिमेंट पूना हॉर्स. युद्ध पेटलं तेव्हा तो नगरला रणगाडा दलाचा कोर्स करत होता. कमिशन मिळून सहा महिने झाले होते. वय २१. श्रीराम राघवनने त्याच्यावरच्या सिनेमाला 'इक्कीस' हे नाव दिलं, हे मला योग्य वाटतं, कारण ते पदकाऐवजी वय सांगतं.

२००१ साली अरुणचे वडील लाहोरला गेले. ज्यांच्या घरी उतरले, त्या पाकिस्तानी ब्रिगेडियरनेच त्यांना सांगितलं की तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. विजय दिवसाच्या तीस सेकंदांच्या स्टेटसमध्ये हा प्रसंग कुठे बसवणार?

यावर हमखास उत्तर येतं: निदान त्या दिवशी तरी प्रश्न नकोत, तो जवानांचा अपमान आहे. याला कारगिलनेच उत्तर दिलंय. २६ जुलै १९९९ ला युद्ध संपलं आणि २९ जुलैला सरकारने के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली: घुसखोरी वेळेत का कळली नाही, हे तपासायला. अधिकृत आकड्यानुसार ५२७ जवान गेले होते. तीन दिवसांत प्रश्न विचारणं तेव्हा कुणाला देशद्रोह वाटला नाही. आपण मात्र २६ जुलै पाळतो, २९ जुलै विसरतो.

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्याग चक्र आहे. तिथे दगडी विटांवर नावं कोरलीत, एका विटेवर एक माणूस. तिथे मोती आणि खुर्दा असा भेद नाही. स्मरणदिनही असाच असावा: नाव सांगणारा, वय सांगणारा आणि तो का गेला हे विचारू देणारा. यातलं तिसरं वगळलं की उरतो तो फक्त विजय, आणि मेलेल्याला त्याचा काही उपयोग नसतो.