कुंभाराचे गाढव आणि जाहिरातीचा हिशेब



आयुष्यभर न्यायदर्शन शिकवलेल्या माणसाने ऑनलाइन मार्केटिंगवर बोलावे, हे जरा विचित्र आहे. संयोजकांना आम्ही विषय सांगितला तेव्हा तेही दोन क्षण गप्प झाले. पण या विषयाकडे आम्ही आपण होऊन गेलो नाही. तो आंब्याच्या पेटीमागून आमच्या घरी आला.

आमचा एक जुना विद्यार्थी देवगड तालुक्यात बागायतदार आहे. बी.ए.ला त्याने तत्त्वज्ञान घेतले होते, बहुधा दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून. वडील गेले आणि बाग त्याच्याकडे आली. पूर्वी सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा. याने हळूहळू पुण्यातल्या आणि कोल्हापुरातल्या घरांना थेट पेट्या पाठवायला सुरुवात केली. आंबा चांगला, मोजणी चोख, डझनात एखादा डागी निघाला तर पुढच्या पेटीत दोन जास्त. नाव झाले. मग वेबसाइट आली, आणि वेबसाइटच्या मागोमाग जाहिराती बघणारी एक एजन्सी आली.

तीन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात तो आमच्याकडे आला, हातात एजन्सीचा रंगीत अहवाल. त्यात लिहिले होते, जाहिरातीवर खर्च झालेल्या प्रत्येक रुपयामागे नऊ रुपयांची विक्री झाली. "सर, पुढच्या हंगामात खर्च दुप्पट करा म्हणतात. त्यासाठी बँकेकडे जावं लागेल. काय करू?"

आता आम्हाला जाहिरातीतले काय कळते? पण अहवाल वाचता येतो. त्यात एक तक्ता होता, कोणते शब्द टाइप केल्यावर जाहिरात दिसली त्याचा. सर्वांत जास्त पैसे ज्या शब्दांवर गेले होते, ते शब्द म्हणजे त्याच्याच बागेचे नाव! म्हणजे एखादी पुण्यातली गृहिणी, जी पाच वर्षे याच्याकडूनच आंबे घेते, ती बागेचे नाव गूगलमध्ये टाकते. वर याची जाहिरात येते, तिच्या खालीच याची वेबसाइट फुकटात येते. बाई वरचे दाबतात. पेटी मागवली जाते. एजन्सी लिहिते, जाहिरातीमुळे एक विक्री.

आणि गंमत बघा. मुलीकडे पेटी पाठवायची म्हणून आम्हीही त्या एप्रिलमध्ये नाव टाइप करून पहिले जे दिसले ते दाबले होते. आम्ही त्याला म्हटले, "अरे, आमच्या त्या एका बोटाचेही पैसे तू मोजले आहेस. आम्ही काय जाहिरात बघून तुझ्याकडे आलो?" तो हसला खरा, पण कसानुसा. रक्कम लहान नव्हती.

इथे आम्हाला कुंभाराचे गाढव आठवले.

नव्यन्यायाचा अभ्यास ज्या ग्रंथापासून सुरू होतो त्या 'भाषापरिच्छेदा'त कारण कशाला म्हणावे याची चर्चा आहे. कार्याच्या आधी जे नियमाने असते, ते कारण. पण एवढे म्हणून भागत नाही, कारण घट होण्याआधी पुष्कळच गोष्टी हजर असतात. माती आहे, चाक आहे, दंड आहे. पण त्या दंडाचा रंगही आहे. आकाश आहे. कुंभाराचा बाप आहे, तो नसता तर कुंभार कुठला? आणि माती वाहून आणणारे गाढव आहे. मग ही सगळी घटाची कारणे म्हणायची का? नैयायिक म्हणतात, नाही. त्यांना एक शब्द आहे, अन्यथासिद्ध. ज्याला कारण न मानताही कार्याची उपपत्ती पुरी लागते, ते अन्यथासिद्ध. आधी होते, जवळ होते, कदाचित कामालाही आले, पण कारण नव्हे. पाच प्रकार सांगतात आणि पाचवे ते गाढव.

ऑनलाइन जाहिरातीविषयीचे बरेच गैरसमज या पाचव्या प्रकारात बसतात, असे आमचे मत आहे. विक्रीच्या अगदी आधी ग्राहकाच्या बोटाखाली जे होते, त्याला विक्रीचे श्रेय द्यायचे, हा या धंद्याचा सर्वसाधारण हिशेब. त्यात खोटे आकडे घालण्याची गरज नसते. आकडा खरा असतो, त्याच्यापुढचा 'मुळे' हा शब्द तेवढा उसना असतो.

हे आमचेच तर्कट आहे असे कुणी म्हणू नये. ईबे ही अमेरिकन कंपनी तुम्हाला माहीत असेल. तिने मार्च २०१२मध्ये आमच्या नैयायिकांना आवडेल असा प्रयोग केला. 'ईबे' हा शब्द टाइप करणाऱ्यांना दाखवायच्या आपल्याच जाहिराती तिने याहू आणि एमएसएन या शोधयंत्रांवर बंद केल्या, गूगलवर तुलनेसाठी चालू ठेवल्या. याला व्यतिरेक म्हणतात, ते काढून टाका आणि कार्य होते का बघा. काय झाले? जाहिरातीवरून येणारी जी वर्दळ बंद झाली, तिच्यातली जवळजवळ सगळी, ९९.५ टक्के, खालच्या फुकटच्या दुव्यावरून आत आली. लोक ईबेलाच निघाले होते. पुढचे दार बंद दिसले, शेजारच्या दाराने आले. आणि पुढच्या दारावर कंपनी प्रत्येक माणसामागे भाडे भरत होती.

मग कंपनीने मोठा प्रयोग केला. आपल्या नावाखेरीज इतर शब्दांवरच्या जाहिराती गूगलवर अमेरिकेच्या काही भागांत थांबवल्या, काही भागांत चालू ठेवल्या. ब्लेक, नॉस्को आणि टाडेलिस या तीन अर्थशास्त्रज्ञांचा त्यावरचा निबंध २०१५मध्ये 'इकॉनोमेट्रिका'त आला. तिथेही सरासरीने खर्च अंगावरच पडल्याचे दिसले.

पण थांबा. हा निबंध हाती लागल्यावर बरेच जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात, जाहिरात म्हणजे सगळी लूट. तसे त्या निबंधात नाही. जे ईबेवर नवीन होते किंवा क्वचित येत, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम झालेला दिसला. ज्यांना माहीत नव्हते त्यांना कळले. परिणाम झाला नाही तो नेहमीच्या गिऱ्हाइकांवर, आणि खर्चाचा मोठा भाग नेमका त्यांच्यावरच होत होता. शिवाय ईबे हे घरोघरी माहीत झालेले नाव. काल दुकान उघडलेल्या माणसाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे म्हणजे नवी अतिव्याप्ती. न्यायशास्त्रात गाढव निरुपयोगी आहे असे कुठेच म्हटलेले नाही. माती लांब असेल आणि गाडी नसेल, तर कुंभार गाढवाला चारा घालणारच. प्रश्न घटाचे श्रेय त्याला द्यायचे का, आणि त्या श्रेयावर कर्ज काढायचे का, एवढाच आहे.

आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, हंगाम. जाहिराती मार्चअखेर सुरू झाल्या, विक्री एप्रिलमध्ये चढली. अहवालात दोन्ही रेषा हातात हात घालून वर जात होत्या. अहो, एप्रिलमध्ये हापूसची विक्री चढणार नाही तर काय श्रावणात चढणार? आम्ही त्याला विचारले, "याच रेषेशेजारी कलिंगडाची रेषा काढली तर?" कलिंगडामुळे हापूस खपतो असेही सिद्ध झाले असते.

आता 'दिसण्या'बद्दल थोडे. त्याला एजन्सीने सांगितले होते की पहिला नंबर आणून देऊ, हमी. गूगलने आपल्या मार्गदर्शनात स्वच्छ लिहून ठेवले आहे की अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, आणि जाहिरातीचे पैसे भरल्याने खालच्या साध्या निकालातली जागा वर सरकत नाही. हे कुणी वाचत नाही. दुसरे, पानाच्या पोटात न दिसणाऱ्या जागी पन्नास शब्द कोंबले की पान वर येते, ही समजूत. त्या कीवर्ड टॅगचा क्रमासाठी आपण उपयोग करत नाही, हे गूगलने २००९मध्येच जाहीर केले होते. आम्ही पाहिले तेव्हाही त्याच्या पानात 'हापूस, हापुस, देवगड हापूस, अल्फान्सो' अशी जपमाळ चालू होती, आणि तिचे वेगळे बिल होते.

शिवाय तो रोज सकाळी स्वतःच्या फोनवर स्वतःचेच नाव शोधायचा आणि पहिले दिसले की समाधानाने चहा घ्यायचा. शोधाचे निकाल माणसाच्या ठिकाणाप्रमाणे बदलतात. देवगडात उभे राहून देवगडचा आंबा शोधला, तर तो दिसणारच. आरशात बघून गावात आपल्याला ओळखतात असे ठरवण्यासारखे ते होते. हे जरा टोचून बोललो आम्ही. त्याने मनावर घेतले नाही, जुनी सवय असावी.

पाहणाऱ्यांच्या आकड्यांची कथा आणखी वेगळी. फेसबुकने २०१६मध्ये कबूल केले की व्हिडिओ लोक सरासरी किती वेळ बघतात, हा जाहिरातदारांना दाखवला जाणारा आकडा सुमारे दोन वर्षे फुगलेला होता. कसा? तीन सेकंदांच्या आत जे निघून गेले, त्यांना सरासरीच्या छेदातून वगळले होते. आता हे आमच्या व्याख्यानाला लावून बघा. दारातून डोकावून परत फिरलेले सगळे वगळायचे, बसले त्यांचीच सरासरी काढायची, आणि म्हणायचे की आमचे व्याख्यान लोक कसे तल्लीन होऊन ऐकतात! चाळीस वर्षे आम्ही मागच्या बाकावरच्या मुलांना अशाच रीतीने हजेरीतून वगळत आलो, त्यामुळे फेसबुकला फार बोलायचा अधिकार आम्हाला नाही.

प्रत्यक्ष हे प्रमाण नैयायिकांनी मानले, पण इंद्रियाशी संबंध आला की झाले, असे ते म्हणत नाहीत. लक्ष दुसरीकडे असेल तर उघड्या डोळ्यांसमोरची वस्तूही दिसत नाही, म्हणून मनाचाही संबंध लागतो. पडद्यावरून अंगठ्याने सरकवलेली जाहिरात 'इम्प्रेशन' म्हणून मोजली जाते. ती डोळ्यापर्यंत गेली असेल. मनापर्यंत गेली का, हे मोजणाऱ्याला ठाऊक नसते, आणि बिल मात्र मोजणीवर निघते.

तर त्याने काय केले? आम्ही सुचवले की पुढच्या हंगामात बागेच्या नावावरची जाहिरात कोल्हापुरात बंद ठेव, पुण्यात चालू ठेव, आणि बघ. तो चटकन म्हणाला, "सर, कोल्हापूर बुडालं तर? माझा वर्षाचा संसार दोन महिन्यांत असतो." हे ऐकून आम्ही जरा वरमलो. ईबेला व्यतिरेक परवडतो. ज्याच्या मोहोराला एक अवकाळी पाऊस पुरतो, त्याला प्रयोग म्हणजे चैन वाटणार. जाहिरात का चालू राहते याचे खरे उत्तर आम्हाला त्या वाक्यात मिळाले. बंद करून बघायची भीती वाटते म्हणून ती चालू राहते. एजन्सीने तर चक्क सांगितले की तुम्ही थांबलात की तुमच्या नावावर दुसरा बागायतदार जाहिरात लावेल. हे अगदीच खोटे नाही. तसे होऊ शकते, होतेही.

शेवटी त्याने दोनच आठवडे बंद केली, तीही एप्रिलच्या मध्यावर, जेव्हा मागणी मालापेक्षा जास्त असते. कोल्हापूर बुडाले नाही. पेट्या मागच्या वर्षीइतक्याच गेल्या, तीन कमी. तीन पेट्यांवरून सिद्धांत मांडू नये, हे त्यालाही कळते. दुसऱ्या कुणी त्याच्या नावावर जाहिरात लावली का, ते तो रोज पाहत होता. त्या पंधरवड्यात तरी लावली नव्हती. पण त्याच अहवालात खालच्या ओळीत एक गोष्ट होती जी एजन्सीने कधी ठळक केली नव्हती. नागपूर आणि हैदराबादकडून काही नवी नावे आली होती, ज्यांनी नुसते 'देवगड हापूस घरपोच' असे शोधले होते. ती माणसे याला ओळखत नव्हती.

कर्ज त्याने काढले नाही. नावावरचा खर्च कमी करून थोडा त्या अनोळखी शोधांकडे वळवला, आणि उरलेल्या पैशांतून जाड पुठ्ठ्याची खोकी घेतली, कारण नागपूरला पोचेपर्यंत आंबा दबत होता. एजन्सी बदलली का, असे तुम्ही विचाराल. नाही. तीच आहे. फक्त अहवाल आला की तो पहिल्यांदा शब्दांचा तक्ता उघडतो, आणि आपल्याच नावापुढची रक्कम बघून आम्हाला फोन करतो, "सर, गाढवानं या महिन्यात किती खाल्लं, सांगू?"