सागरतीरीचे हर्ष-विषाद : बाशोचे प्रवासवर्णन

शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजविल्यापासून जपानी कवी बाशो आपल्या वाचकांस परिचित आहे. परंतु त्याच्या प्रतिभेचे समग्र दर्शन घडते ते 'ओकु नो होसोमिचि' या प्रवासवर्णनात. १६८९ साली केलेल्या या प्रवासाचा ग्रंथ त्याच्या निधनानंतर, १७०२ साली, प्रसिद्ध झाला.

मात्सुशिमाची बेटे पाहून तो इतका भारावतो की, तेथे स्वतःचा एकही हायकू ग्रंथात देत नाही. पश्चिम किनाऱ्यावरील किसाकाता मात्र त्यास शोकमग्न भासते. पुढे बिकट सागरकडे ओलांडून तो इचिबुरीस मुक्काम करतो. तेथे दोन गणिका त्याच्याकडे वाटेतील सोबतीची याचना करतात. त्याचे मन करुणेने हेलावते. तरीही तो त्यांस नकार देतो.

सहप्रवासी सोरा याची दैनंदिनी १९४३ साली प्रकाशात आली. तीत या गणिकांचा उल्लेख नाही. तेव्हा हा प्रसंग कल्पित असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असले तरी आत्मगौरवासाठी प्रसंग रचणारा लेखक स्वतःस उदार दाखविता. बाशो आपल्या करुणेची मर्यादा दाखवितो. या प्रसंगाची सत्यता आम्हांस येथेच प्रतीत होते.

१८०४ च्या भूकंपाने किसाकाताची भूमी वर उचलली गेली. तेथील बेटे आज भातशेतांत उभी आहेत. त्या जलाशयाचा विषाद अनुभवण्यास आता बाशोचाच ग्रंथ उघडावा लागतो. स्थळांच्या नोंदींनाच प्रवासवर्णन मानणाऱ्या आपल्या लेखकांनी याचा अवश्य विचार करावा.